एक्केचाळीस पुस्तकं, एक कासव आणि 'सुरुवात कुठून करू?'

(हे या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)



आज इतिहासाचा भाग आहे, पण राजे-लढायांचा नाही. एका पुस्तकमालिकेचा इतिहास सांगणार आहे, आणि तो सांगायचं कारण एक साधा प्रश्न आहे. टेरी प्रॅचेटचं नाव मी कुठल्याही भागात घेतलं की नंतर हमखास विचारणा होते: "डिस्कवर्ल्ड वाचायचंय, कुठून सुरू करू?"

प्रश्न रास्त आहे. डिस्कवर्ल्डच्या कादंबऱ्या आहेत 41. पहिली 1983 ची, शेवटची 2015 ची. इंटरनेटवर शोधलंत तर 'वाचनाचा क्रम' म्हणून एक तक्ता सापडतो. रंगीत रेषा, बाण, फाटे, मध्येच तुटक रेषा. मुंबई लोकलचा नकाशा बरा, असं वाटतं. तो तक्ता बघूनच कितीतरी जण मोबाइल खाली ठेवतात आणि विषय संपतो. काही जण 'पहिलं ते पहिलं' म्हणून 1983 च्या पुस्तकापासून सुरू करतात, साठ-सत्तर पानांनंतर "ठीक आहे, पण एवढं काय?" म्हणतात, आणि तिथे विषय संपतो. मला दुसऱ्या प्रकाराचं जास्त वाईट वाटतं. कारण ते दारापर्यंत आलेले असतात.

म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. 'गार्ड्स! गार्ड्स!' साल 1989. मालिकेतलं आठवं पुस्तक.

"म्हणजे आधीची सात सोडून द्यायची?" तूर्तास, हो. का, ते समजायला हा लेखक कसा घडला ते बघावं लागेल. चला.

हत्ती, कासव आणि आपण

आधी जग कसलं आहे ते. डिस्कवर्ल्ड म्हणजे एक सपाट, थाळीसारखं जग. ते चार हत्तींच्या पाठीवर ठेवलेलं. हे चार हत्ती एका प्रचंड कासवाच्या पाठीवर उभे. आणि ते कासव, ग्रेट अ'तुइन त्याचं नाव, अवकाशात शांतपणे पोहत चाललंय.

तुम्हाला हे ओळखीचं वाटलं तर बरोबर वाटलं. आपल्याकडे आठ दिशांचे अष्टदिग्गज आहेत, मंदर पर्वत पाठीवर घेणारा कूर्म आहे. आपल्याकडच्या कितीतरी शंकराच्या देवळांत नंदीच्या जवळ जमिनीवर दगडी कासव कोरलेलं असतं, ते तुम्ही पाहिलं असेलच. ही चित्रं प्रवाशांच्या आणि मिशनऱ्यांच्या पत्रांतून युरोपात गेली, आणि जाताना एकत्र मिसळली. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने 1689 च्या आपल्या ग्रंथात हत्तीवर पृथ्वी आणि कासवावर हत्ती मानणाऱ्या एका हिंदी माणसाचं उदाहरण दिलंय. तेव्हापासून 'मग कासव कशावर?' हा युरोपातल्या वादविवादातला आवडता प्रश्न झाला.

प्रॅचेटने ही कल्पना उचलली आणि तिच्याकडे एका रिपोर्टरच्या नजरेने पाहिलं. जग कासवावर असेल, तर तिथल्या शास्त्रज्ञांना पहिला प्रश्न काय पडेल? कासव नर आहे की मादी! पहिल्याच पुस्तकात एक देश खरोखर माणसांना जगाच्या काठावरून खाली सोडून हे शोधायच्या तयारीत असतो. कल्पना कितीही अचाट असू दे, तिचे नियम एकदा ठरले की पुढचं सगळं काटेकोर तर्काने चालवायचं. ही त्याची पद्धत पहिल्या दिवसापासून होती. बाकीचं मात्र यायला वेळ लागला.

रिपोर्टर, मग वीज खात्याचा माणूस

टेरी प्रॅचेटचा जन्म 28 एप्रिल 1948, इंग्लंडमधल्या बीकन्सफील्ड गावी. वडील मेकॅनिक, आई सेक्रेटरी. शाळेपेक्षा गावच्या सार्वजनिक वाचनालयात आपण जास्त शिकलो, असं तो नेहमी सांगायचा. 1965 मध्ये, सतरा वर्षांचा असताना, शाळा सोडून तो 'बक्स फ्री प्रेस' या स्थानिक साप्ताहिकात कामाला लागला. कामाच्या पहिल्याच दिवशी काही तासांतच त्याने आयुष्यातलं पहिलं प्रेत पाहिलं, हेही त्यानेच सांगितलेलं. त्याच साप्ताहिकात तो लहान मुलांसाठी गोष्टीही लिहायचा. अंकामागून अंक, वर्षानुवर्षं.

कॉलिन स्माइथ हे एक छोटे प्रकाशक. त्यांच्या संस्थेतल्या एकाची मुलाखत घ्यायला हा गेला, आणि जाता जाता म्हणाला की माझी एक कादंबरी लिहून तयार आहे. ती म्हणजे 'द कार्पेट पीपल', 1971 मध्ये आली. नंतर दोन विज्ञान कादंबऱ्या आल्या. त्यांतल्या 'स्ट्राटा' मध्ये, 1981 साली, एक सपाट जग दिसतं. डिस्कवर्ल्डची ती रंगीत तालीमच.

पण घर यावर चालत नव्हतं. 1979 मध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला, जगभर भीती पसरली, आणि त्यानंतर लगेच या गृहस्थाने सेंट्रल इलेक्ट्रिसिटी जनरेटिंग बोर्डात प्रसिद्धी अधिकाऱ्याची नोकरी धरली. म्हणजे आपल्या वीज मंडळासारखं खातं, आणि याच्या वाट्याला अणुवीज केंद्रं असलेला भाग. पत्रकारांचे फोन घ्यायचे आणि 'काही झालेलं नाही' हे पटवून सांगायचं. 1987 पर्यंत तो हे करत होता. दिवसा खातं, रात्री टेबलावर साधारण 400 शब्द. डिस्कवर्ल्डची पहिली पुस्तकं अशी लिहिली गेली.

ही नोकरी लक्षात ठेवा. संस्था आतून कशा चालतात, कोण कागद अडवतो, कोण खरं काम करतो, कोण भाषण देतो, हे सगळं त्याने तिथे पाहिलं. पुढे ते सगळं पुस्तकांत उतरलं.

पाचशे प्रती आणि एक रेडिओ

'द कलर ऑफ मॅजिक' 24 नोव्हेंबर 1983 ला आलं. कॉलिन स्माइथने ब्रिटनसाठी हार्डबॅकच्या जेमतेम पाचशेच्या आसपास प्रती काढल्या होत्या. मग 1985 मध्ये कॉर्गीने स्वस्तातली पेपरबॅक आवृत्ती काढली, आणि बीबीसी रेडिओ 4 वर 'वुमन्स अवर' नावाच्या कार्यक्रमात हे पुस्तक सहा भागांत वाचलं गेलं. मला हा तपशील फार आवडतो. ज्या मालिकेला आपण आज 'वाचायची कशी' म्हणून घाबरतो, तिला पहिला मोठा श्रोतावर्ग मिळाला तो कानांतून. दुपारी रेडिओ लावून बसलेल्या लोकांनी तिला उचलून धरलं. पॉडकास्ट ऐकणाऱ्यांना हे सांगायलाच हवं होतं!

आता हे पुस्तक आहे कसं? रिन्सविंड नावाचा एक भित्रा, नापास जादूगार. ट्वोफ्लॉवर नावाचा त्या जगातला पहिलाच पर्यटक, आणि त्याच्या मागे स्वतःच्या शंभर पायांवर पळणारी एक रागीट पेटी. कथा चार तुकड्यांत आहे. प्रत्येक तुकडा त्या काळच्या कुठल्या ना कुठल्या फँटसी कथांची टिंगल करतो. फ्रिट्झ लायबरचे दोन तलवारबाज, एच. पी. लव्हक्राफ्टची भयकथा, ॲन मॅकॅफ्रीचे ड्रॅगन.

गंमत अशी की टिंगल कळायला मूळ गोष्ट माहीत लागते. 1983 च्या इंग्लंडमधल्या फँटसीवेड्या मुलाला ते सगळं तोंडपाठ होतं. तुम्हाला-मला नाही. आपण 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' पाहिलाय, 'हॅरी पॉटर' वाचलाय, 'गेम ऑफ थ्रोन्स' वर भांडलोय. लायबर आपल्या वाटेत कधी आलाच नाही. त्यामुळे पहिलं पुस्तक वाचताना असं होतं की लग्नात दुसऱ्याच कुटुंबाच्या टेबलावर बसलोय, सगळे हसतायत, आणि आपण नुसतं स्मित करतोय. शिवाय हे पुस्तक संपतही नाही. नायक जगाच्या काठावरून खाली पडतो आणि पुस्तक बंद. पुढचं 1986 च्या 'द लाइट फँटॅस्टिक' मध्ये.

यात लेखकाचा दोष नाही. तो अजून हात बसवत होता. याचे पुरावे पानापानावर आहेत. पुढे सगळ्यांचा लाडका होणारा मृत्यू, म्हणजे हातात विळा घेतलेला सांगाडा, पहिल्या पुस्तकात चक्क खुनशी आहे. नंतरचा मृत्यू मांजरांवर जीव लावतो, आपलं काम चोख करतो, आणि माणसं अशी का वागतात म्हणून गोंधळतो. अंख-मॉरपॉर्क शहराचा शासक, पॅट्रिशियन, पहिल्या पुस्तकात जाडजूड आहे आणि कसले तरी साखरेत घोळवलेले पदार्थ खात बसतो. पुढच्या पुस्तकांतला लॉर्ड व्हेटिनारी काटकुळा, शांत, आणि सगळ्या राजकीय फँटसीत शोधून सापडणार नाही इतका हुशार. हे दोघं एकच का, यावर चाहते अजून वाद घालतात.

वळण: 1987 ते 1989

1987 मध्ये दोन पुस्तकं आली. 'ईक्वल राइट्स' मध्ये एका मुलीला जादूगार व्हायचंय आणि जादूगारांचं विद्यापीठ फक्त मुलग्यांना घेतं. इथे ग्रॅनी वेदरवॅक्स पहिल्यांदा दिसते, डोंगरातली करारी म्हातारी चेटकीण. दुसरं 'मॉर्ट'. मृत्यू एक शिकाऊ मुलगा कामावर ठेवतो. इथे पहिल्यांदा असं होतं की विनोद कथेच्या पोटातून येतो. कुठल्या दुसऱ्या पुस्तकाची टिंगल करायची गरजच उरत नाही. त्याच वर्षी प्रॅचेटने नोकरी सोडली.

मृत्यूबद्दल एक गोष्ट सांगते. इंग्रजी पुस्तकात त्याचं बोलणं कायम मोठ्या अक्षरांत, म्हणजे कॅपिटलमध्ये छापतात, आणि अवतरण चिन्हं नसतात. आवाज कानांत न शिरता थेट डोक्यात उमटतो, असं दाखवायला. आपल्या देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीतच! कुणी हे मराठीत आणायला बसलं, तर पहिल्याच संवादाला पेन थांबेल.

1988 मध्ये 'विर्ड सिस्टर्स'. यात 'मॅकबेथ' उलटं केलंय. राजाचा खून होतो, आणि गोष्ट सांगतात त्या तीन चेटकिणी, ज्यांना राजकारणात पडायचंच नाहीये. इथे संदर्भाची भीती नाही. 'मॅकबेथ' शिरवाडकरांच्या 'राजमुकुट' मुळे मराठी रंगभूमीला जुनं आहे, आणि नाटक नसेल पाहिलं तर 'मकबूल' पाहिलाच असेल.

आणि मग 1989.

आठवं पुस्तक

कुठलाही राजवाड्याचा सिनेमा आठवा. खलनायक टाळी वाजवतो, पहारेकरी धावत येतात, नायक एकेकाला लोळवतो. त्या पहारेकऱ्यांना नावं नसतात. त्यांना कुणी विचारत नाही की बाबा, तुला घरी कोण वाट बघतंय? प्रॅचेटने 'गार्ड्स! गार्ड्स!' हे पुस्तक याच लोकांना अर्पण केलं. आणि नुसतं अर्पण करून थांबला नाही, त्यांनाच नायक केलं.

अंख-मॉरपॉर्कची रात्रीची गस्त. एके काळी मानाची, आता शहराने ओवाळून टाकलेली. कारण व्हेटिनारीने चोरांची अधिकृत संघटना केलीय, चोऱ्या कोट्याप्रमाणे होतात आणि पावतीही मिळते. मग पोलीस कशाला हवेत? गस्तीत उरलेत तिघं. गटारात झोपणारा दारुडा कॅप्टन सॅम व्हाइम्स. जाडा, सुरक्षित राहण्यात पटाईत सार्जंट कोलन. आणि नॉबी नॉब्ज, ज्याच्याकडे तो माणूस असल्याचा लेखी दाखला आहे. त्यात भर पडते कॅरटची. बुटक्यांनी वाढवलेला सहा फुटांहून उंच पोरगा. त्याने कायद्याचं पुस्तक पाठ केलंय आणि त्याला ते खरं वाटतं! पहिल्या काही दिवसांतच तो चोरांच्या संघटनेच्या अध्यक्षालाच अटक करून आणतो, चोरीबद्दल.

कथानकात एक गुप्त मंडळ ड्रॅगन बोलावतं. बेत असा की ड्रॅगन धुमाकूळ घालेल, मग आपला ठरवलेला 'नायक' त्याला मारेल, आणि लोक त्याला राजा करतील. मंडळात कोण आहेत? कुणी राक्षस नाहीत. कुणाचं दुकान चालत नाही, कुणाला मेहुण्याचा हेवा आहे, कुणाला वाटतं जगाने आपल्याला काही दिलंच नाही. त्यांच्या छोट्या छोट्या कुरबुरी गोळा करून एक माणूस आग तयार करतो. पुढे ड्रॅगन डोईजड होतो, आणि शहरातले प्रतिष्ठित लोक त्याच्या मागण्या ऐकून घेतात. सोनं हवं? बरं. आणखी काही हवं? बरं, काहीतरी मार्ग काढू. 'बरं' म्हणत म्हणत सभ्य माणसं कुठे पोचतात, हे वाचताना हसू येत असतं आणि मध्येच ते थांबतं.

म्हणून मी म्हणते इथून सुरू करा. आधीच्या पुस्तकांतली कल्पनाशक्ती इथे आहेच. पण खात्यात काढलेली वर्षं, रिपोर्टर असताना पाहिलेली माणसं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याचा राग, हे सगळं इथे पहिल्यांदा एकत्र येतं. लोक प्रॅचेटला गोड, मिश्कील आजोबा समजतात. तो विनोदी होता, पण चिडलेला माणूस होता. माणसाला वस्तू समजणाऱ्यांवर तो चिडायचा. व्हाइम्स हा तो राग अंगावर घालून फिरणारा माणूस आहे.

उदाहरण देते. गस्तीच्या दुसऱ्या पुस्तकात, 1993 च्या 'मेन ॲट आर्म्स' मध्ये, व्हाइम्स बुटांचा हिशोब मांडतो. चांगले बूट पन्नास डॉलरना, ते वर्षानुवर्षं टिकतात. गरिबाला परवडतात दहा डॉलरवाले, ते एखाद-दोन हंगामांत फाटतात. दहा वर्षांत गरिबाचे शंभर डॉलर जातात आणि पाय तरी ओलेच. गरिबी महाग पडते ती अशी. पावसाळ्यात फूटपाथवरची चप्पल घेतलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. 2022 मध्ये ब्रिटनमध्ये स्वस्त अन्नावर लिहिणाऱ्या जॅक मन्रो यांनी गरिबांच्या टोपलीतल्या वस्तू किती महागल्या, हे मोजायचा उपक्रम जाहीर केला. प्रॅचेटच्या वारसांच्या परवानगीने त्याला नाव दिलं 'व्हाइम्स बूट्स इंडेक्स'. विनोदी फँटसीतला एक परिच्छेद महागाईच्या चर्चेत जाऊन बसला.

पण क्रमाने वाचणारे म्हणतात...

दुसरी बाजू सांगायला हवी, कारण ती कच्ची नाही. क्रमाने वाचणाऱ्यांचं म्हणणं असं की डिस्कवर्ल्डमध्ये काळ खरोखर पुढे सरकतो. सुरुवातीला ते मध्ययुगासारखं गाव आहे. 1999 च्या 'द फिफ्थ एलिफंट' पर्यंत क्लॅक्स आलेत, म्हणजे मनोऱ्यांवरून दिव्यांच्या खुणांनी निरोप पाठवायची यंत्रणा. 2000 च्या 'द ट्रूथ' मध्ये छापखाना आणि वर्तमानपत्र येतं. 2004 च्या 'गोइंग पोस्टल' मध्ये मेलेलं पोस्ट ऑफिस पुन्हा उभं राहतं, 2007 च्या 'मेकिंग मनी' मध्ये बँक आणि कागदी नोटा, 2013 च्या 'रेझिंग स्टीम' मध्ये आगगाडी. एक शहर आधुनिक कसं होतं, हे तीस वर्षांत तुमच्या डोळ्यांसमोर घडतं. आणि त्याच वेळी एक लेखक मोठा होताना दिसतो. हा आनंद क्रमानेच मिळतो.

मान्य. पूर्णपणे मान्य. पण हा आनंद आधीच प्रेमात पडलेल्या माणसाचा आहे. मित्र जिवलग झाला की मग त्याचे शाळेतले फोटो बघायला मजा येते. पहिल्या भेटीत कुणी अल्बम काढत नाही. 'द कलर ऑफ मॅजिक' नक्की वाचा, पाच-सहा पुस्तकांनंतर. तेव्हा ते फार गोड वाटतं.

गस्त नको असेल तर

सगळ्यांना पोलिसांची गोष्ट आवडेल असं नाही. तर आणखी तीन दारं.

इंग्रजी वाचायचा सराव कमी असेल, तर 'द वी फ्री मेन', 2003. नऊ वर्षांची टिफनी एकिंग, मेंढपाळांच्या घरातली. लहान भावाला पळवलं म्हणून ती तळण्याची कढई घेऊन परीराज्यात घुसते. सोबत निळ्या रंगाचे, वीतभर उंचीचे, भांडखोर लोक. त्यांची बोली स्कॉटिश वळणाची आहे, ती मनात मोठ्याने वाचली की कळते. पुस्तक मुलांसाठी म्हणून आलं, पण आजीच्या जाण्याचं जे दुःख त्यात आहे ते कुठल्याही वयात लागतं. आणि एक व्यवहारी फायदा: डिस्कवर्ल्डच्या बहुतेक पुस्तकांना प्रकरणंच नसतात, यात आहेत. बसस्टॉप आला की थांबता येतं!

एकच पुस्तक वाचून बघायचं असेल, तर 'स्मॉल गॉड्स', 1992. मागचं-पुढचं काहीही माहीत नको. ओम नावाचा महादेव पृथ्वीवर अवतरतो आणि बघतो तर काय, आपण एक साधं कासव झालोय. कारण त्याच्या नावाने चालणाऱ्या अवाढव्य धर्मसत्तेत त्याच्यावर खरोखर विश्वास ठेवणारा एकच जण उरलाय, ब्रुथा नावाचा बागेत काम करणारा मुलगा. बाकीच्यांचा विश्वास संस्थेवर आहे, तिच्या भीतीवर आहे. या देशात 'जग गोल आहे' असं मानायची सक्ती आहे, आणि ते कासवावर आहे म्हणणाऱ्यांचा छळ होतो. गॅलिलिओची गोष्ट उलटी! हे पुस्तक देवाची थट्टा करतं असं वाटेल, पण वाचून बघा. श्रद्धा असलेल्यांनाही ते आपलं वाटतं आणि नसलेल्यांनाही.

स्टार्टअप, घोटाळे, कंपन्या हे तुमचे विषय असतील, तर 'गोइंग पोस्टल'. मॉइस्ट फॉन लिपविग हा भामटा फासावरून वाचतो आणि त्याला शिक्षा म्हणून पोस्ट ऑफिस चालवायला देतात. समोर क्लॅक्स कंपनी. ती उभारणाऱ्यांच्या हातून पैसेवाल्यांनी हिसकावून घेतलीय, आणि मनोऱ्यांवर काम करणारी पोरं मरतायत. यालाही प्रकरणं आहेत.

ऐकायचं असेल तर पेंग्विनने 2022 पासून सगळ्या मालिकेची नवी ध्वनिमुद्रणं काढली. मृत्यूचा आवाज सगळीकडे पीटर सेराफिनोविचचा, तळटीपा बिल नायच्या आवाजात, आणि 'स्मॉल गॉड्स' वाचलंय अँडी सर्किसने. हो, गॉलमवाला. तळटीपा कधीच गाळू नका, निम्मी धमाल तिथे आहे. फोनवर वाचत असाल तर टीपेवर बोट ठेवलं की उघडते. आणि दहातले चार विनोद डोक्यावरून गेले तरी चालेल. इंग्लंडमधल्या वाचकांच्याही जातात.

दोन पुस्तकं मात्र राखून ठेवा

कुठूनही सुरू करा म्हणणारे भेटतील. जवळजवळ खरं आहे. पण दोन पुस्तकांबाबत मी हट्टी आहे.

एक, 'नाइट वॉच', 2002. व्हाइम्स तीस वर्षं मागे फेकला जातो, त्याच शहरात, जिथे तो स्वतः नुकता भरती झालेला पोरगा आहे. गल्ल्यांत अडथळे उभे राहतायत, क्रांती होणार आहे, आणि ती कशी संपते हे त्याला माहीत आहे. 2025 मध्ये हे पुस्तक पेंग्विन मॉडर्न क्लासिक्समध्ये आलं. दरवर्षी 25 मे रोजी चाहते याच कथेच्या आठवणीत लायलॅकची जांभळी फुलं लावतात. 'सगळ्यात भारी कुठलं?' असं विचारून लोक थेट हेच उचलतात. नका उचलू. गस्तीच्या पुस्तकांत ते सहावं आहे. आधीची पाच वाचली असतील तर या माणसाने काय काय कमावलंय आणि आता काय पणाला लागलंय, ते तुम्हाला माहीत असतं. नाहीतर ती फक्त एक चांगली गोष्ट होते.

दुसरं, 'द शेफर्ड्स क्राउन'. डिसेंबर 2007 मध्ये प्रॅचेटने जाहीर केलं की त्याला अल्झायमरचा एक दुर्मीळ प्रकार झालाय. तेव्हा तो 59 वर्षांचा होता. यात आधी दिसणं आणि हातांचं काम बिघडतं, विचार त्यामानाने टिकतात. कीबोर्डवरची अक्षरं सापडेनाशी झाली. मग तो बोलून लिहू लागला, संगणकाला आणि सहायक रॉब विल्किन्सला. अशा अवस्थेत त्याने आणखी पुस्तकं पूर्ण केली, संशोधनाला मोठी देणगी दिली, आजारावर जाहीरपणे बोलत राहिला. 2009 च्या सुरुवातीला 'सर' ही पदवी मिळाल्यावर त्याने स्वतः लोखंड वितळवून तलवार बनवली, त्यात उल्केचे तुकडे घातले. 12 मार्च 2015 ला तो गेला. ती बातमी त्याच्या ट्विटर खात्यावरून मृत्यूच्या आवाजात, कॅपिटल अक्षरांत दिली गेली. 'द शेफर्ड्स क्राउन' त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलं. ते टिफनीचं पाचवं पुस्तक, आणि सगळ्यांत शेवटचं. त्यात काय होतं ते सांगत नाही. एवढंच सांगते की ते निरोपाचं पुस्तक आहे, आणि निरोप घ्यायला आधी ओळख लागते.

यानंतर नवं काही येणार नाही. मुलगी ऱ्हियाना प्रॅचेट हिने पुढे कादंबऱ्या लिहिल्या जाणार नाहीत असं स्पष्ट केलं. अपूर्ण लिखाण असलेली हार्ड डिस्क 25 ऑगस्ट 2017 रोजी, प्रॅचेटच्याच इच्छेप्रमाणे, वाफेवर चालणाऱ्या रोडरोलरखाली चिरडण्यात आली. 41 म्हणजे 41. घाई नाही, आणि संपायची भीती बाळगूनच वाचायला हवीत.

एक शेवटची गोष्ट. 'गोइंग पोस्टल' मध्ये क्लॅक्सवर काम करणारे लोक आपल्या मेलेल्या सोबत्यांची नावं यंत्रणेत सोडून देतात. निरोप पुढे पाठव, नोंद करू नको, टोकाला पोचला की परत फिरव, अशी ती खूण: जी, एन, यू. नाव फिरत राहतं तोवर माणूस गेलेला नसतो, ही त्यांची समजूत. प्रॅचेट गेल्यावर चाहत्यांनी खऱ्या इंटरनेटवर हेच केलं. अनेक वेबसाइट्स आपल्या प्रत्येक पानासोबत, स्क्रीनवर न दिसणाऱ्या माहितीत, त्याचं नाव पाठवतात. तुमच्या फोनवरून ते कधीतरी गेलं असण्याची बरीच शक्यता आहे.

तर उत्तर पुन्हा एकदा: 'गार्ड्स! गार्ड्स!' पन्नास पानं द्या. कॅरट शहरात पोचेपर्यंत थांबा. मग मला कळवा कुठे हसलात, आणि कुठे हसू थांबलं.

भेटू पुढच्या भागात. तोवर वाचत राहा, ऐकत राहा!